सोबतचे सदस्य आनंदी दिसत नाहीत

माझा फोटो नामंजूर झाला आहे. शेरा असा : 'सोबतचे सदस्य आनंदी दिसत नाहीत. सुधारित फोटो आजच अपलोड करावा.' सोबतचे सदस्य म्हणजे काळी टोपी घातलेले, पंच्याहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही, पण पडताळणी करणाऱ्या कुणा विद्वानाने त्यांना माझे यजमान ठरवून टाकलंय. आमच्या ह्यांना शेरा वाचून दाखवला, तर म्हणाले, "मग बरोबर आहे, नवराच वाटतोय." आणि पुढची चकली तोंडात टाकली.

झालं ते भाऊबीजेला. पाडव्याच्या रात्री ओवाळणीचं ताट अजून उचललं नव्हतं, तेवढ्यात ग्रुपवर मेसेज पडला : 'अति तात्काळ. सर्व मुख्याध्यापकांसाठी मानसिक स्वास्थ्य व कृतज्ञता या विषयावर ऑनलाइन प्रशिक्षण. उद्या सकाळी ११ ते १. सुट्टी असल्याने उपस्थिती शंभर टक्के अपेक्षित आहे.' खाली भराभर हात जोडले गेले. मीही जोडले. न जोडणाऱ्यांची वेगळी यादी निघते.

मुख्याध्यापक म्हणजे मी. कागदावर 'प्रभारी'. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक हवा तर पटावर दीडशेच्या वर पोरं लागतात. आमच्या द्विशिक्षकी शाळेत तेवढी भरायची तर आजूबाजूची दोन गावं उचलून आणावी लागतील. मग दोघांत जो सेवाज्येष्ठ, त्याच्या गळ्यात घंटा. पगार शिक्षकाचाच, वर पोषण आहाराचं रजिस्टर. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज शंभर ग्रॅम तांदूळ. आज हजर किती, शिजवला किती, शिल्लक किती, आणि गोणीत मुळात आला होता किती, हे चारही आकडे एकमेकांशी जुळले तर ती दिवाळी. ताणावर प्रशिक्षण द्यायला माझी काहीच हरकत नव्हती. तांदळाचा हिशेब कुणी येऊन बघितला असता तर तेवढ्यानेही भागलं असतं.

तर भाऊबीज. माझं माहेर लातूर. ह्यांची बहीण इकडे येणार म्हणून हे घरी, आणि मी एकटीच बार्शीहून सकाळच्या गाडीत. बायकांना २०२३ पासून एसटीचं निम्मं तिकीट झालंय, त्यामुळे भाऊबीजेच्या गाडीत पुरुष औषधालाही सापडत नाही. सापडतो तो पंच्याहत्तरीपुढचा, कारण त्याला २०२२ पासून सगळंच फुकट. त्यातलेच एक खिडकीशी बसले होते. मांडीवर रेक्झिनची पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. डोळे मिटलेले.

पांगरी मागे पडली आणि अकरा वाजले. इअरफोन पोराने पळवलेले. आवाज अगदी बारीक करून मोबाईल कानाजवळ धरला. पडद्यावर एक ताई, मागे कुंडीत बांबू, खाली कसलंसं बासरीचं संगीत. ताई म्हणाल्या, "आज आपण फक्त स्वतःसाठी वेळ काढला आहे." काढला कुणी, हे विचारायची सोय नव्हती, सगळ्यांचे माईक बंद करून ठेवले होते.

"पाठ ताठ ठेवा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा."

माझा एक पाय कुणाच्या तरी फराळाच्या डब्यावर होता, दुसरा कुठे होता ते मला मुरूड येईपर्यंत कळलं नाही. वाहक तिकिटं फाडत आला आणि म्हणाला, "मॅडम, भजन एक तर बंद करा, नाही तर मोठ्यानं लावा. अर्धवट नका लावू, लोकांचा जीव टांगणीला लागतो."

"आता डोळे मिटा. तुम्ही एका शांत, हिरव्या जंगलातून चालला आहात."

आणि खरोखरच बाहेर येडशीचं रामलिंग अभयारण्य चाललं होतं. पावसाळा नुकताच सरलेला, सगळा डोंगर हिरवा. पण मला डोळे मिटायचे होते, कॅमेरा चालू होता आणि हजेरीसाठी कुणीतरी स्क्रीनशॉट काढत होतं. जंगल संपलं, डोळे उघडायला सांगितलं, तेव्हा बाहेर धाबा.

इथे शेजारच्या गृहस्थांनी डोळे उघडले.

"कोणत्या कार्यालयाचं आहे?"

"शिक्षण."

"आदेश?"

"मेसेज आहे."

"मेसेज म्हणजे परिपत्रक?"

"व्हॉट्सअॅपवर आलाय."

"जावक क्रमांक?"

"नाही."

"सही कोणाची?"

"सही नाही. पणतीचं चित्र आहे."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच निकाल दिला : "मग हे प्रशिक्षण झालेलंच नाही."

महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. निवृत्त हे आपलं म्हणायला. पिशवीतून चष्मा निघाला, चष्म्यामागून पेन निघालं, आणि माझ्या मोबाईलचा ताबा न घेता त्यांनी माझ्या प्रशिक्षणाचा ताबा घेतला.

पहिलं काम म्हणजे माझी सुट्टी. "तुम्ही दीर्घ सुट्टी विभागातल्या," ते म्हणाले. मी मान हलवली. "रजा नियम, १९८१. आम्हाला वर्षाला तीस दिवस अर्जित रजा. तुम्हाला ती नाही. का? तर तुम्ही दिवाळी आणि उन्हाळा भोगता." 'भोगता' हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की पलीकडच्या सीटवरच्या दोन बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "पण कामासाठी सुट्टी भोगू दिली नाही, तर तेवढ्या प्रमाणात अर्जित रजा खात्यावर पडते. मात्र आदेश लेखी पाहिजे. पणती चालत नाही."

त्या दोन तासांत मला कळलेली ही एकमेव उपयोगी गोष्ट, आणि ती बांबूच्या कुंडीकडून आलेली नव्हती.

इथे जरा बाजूला जाऊन बोलते, कारण याचा मला खरंच राग आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला शिकवण्याखेरीज फक्त तीन कामं सांगता येतात : दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक. छान. पण प्रशिक्षण हे 'शैक्षणिक'. लिंक भरणं शैक्षणिक. लिंक भरली हे दुसऱ्या लिंकवर कळवणं, तेही शैक्षणिकच असणार. उन्हाळ्याची सुट्टी मतदारयादीत जाते, दिवाळीची अशी तासातासाने जाते, आणि तुकडे इतके बारीक असतात की रजेच्या हिशेबात कुठे बसतच नाहीत. मग गल्लीत कुणीतरी भेटतं आणि म्हणतं, "तुमचं बरंय बाई, सुट्ट्याच सुट्ट्या." २०२४ पासून पोरांना आनंददायी शनिवार मिळालाय, दप्तराविना. पोरं खरंच खूश असतात, त्यात खोटं नाही. त्या शनिवारी मी खिचडी शिजतेय का ते बघत, एका हाताने आनंदाचे फोटो काढत असते. किती आनंद झाला त्याचा अहवाल सोमवारी.

असो. गाडी ढोकीकडे निघाली आणि ताईंनी चॅटमध्ये फॉर्म टाकला. 'आपण ज्यांच्याप्रती कृतज्ञ आहात अशा तीन गोष्टी लिहा. प्रत्येकी किमान पन्नास शब्द.' सगळे रकाने लाल तारांकित, म्हणजे एकही रिकामा सोडता येत नाही.

मी टाइप केलं : 'आई.' फॉर्म म्हणाला, अजून एकोणपन्नास.

"काय लिहिताय?" शेजारून.

"आईबद्दल."

"अशी सुरुवात नसते." त्यांनी घसा साफ केला. "लिहा. विषय : मातोश्रींप्रती कृतज्ञता व्यक्त करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार ही आपल्या अधिनस्त असलेल्या शाळेत प्रभारी मुख्याध्यापिका या पदावर कार्यरत असून..."

मी लिहीत गेले. काय करणार, शब्द भरत होते. पन्नास शब्द त्यांनी आईपर्यंत पोचायच्या आतच पुरे केले. आई यायची होती तेव्हा फॉर्म हिरवा झालेला.

"मातोश्री हयात आहेत?"

"आहेत. त्यांच्याकडेच चाललेय."

"मग मूळ प्रत त्यांना. एक प्रत वडिलांना माहितीस्तव. एक कार्यालयीन संचिकेत."

दुसरी गोष्ट मी 'भाऊ' लिहिली. ते म्हणाले, पुरावा जोडावा लागेल, दोन-तीन वर्षांच्या ओवाळणीचा. तिसरी 'चांगलं आरोग्य'. त्यावर मात्र ते गंभीर झाले. "हे स्वतःच्या सहीनं चालत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागतं." मागच्या सीटवरची एक मुलगी एवढी हसली की तिच्या आईने तिला चिमटा काढला. गृहस्थ हसले नाहीत. ते विनोद करतच नव्हते, हे मला तोवर नक्की कळलं होतं.

मग प्रश्न आला : 'गेल्या महिन्यात आपणास किती ताण जाणवला? १ ते ५.' मी ४ वर बोट नेलं.

"थांबा. निरंक लिहा."

"निरंकची सोय नाही. एक ते पाचच आहे."

"मग एक. जास्त दाखवाल तर खुलासा मागवतील."

मला चिडायला झालं. म्हटलं, "काका, तुम्हाला नोकरीत कधी ताण आलाच नाही का?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "किल्लारीला होतो. ९३ साली." बास, एवढंच. मग पेनाचं टोपण लावत पुढे : गणपती विसर्जन झालं, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली, दुसऱ्या दिवसापासून पंचनामे. तंबूत रजिस्टरं, कंदील, अंगठे घ्यायचे. ज्यांचे अंगठे घ्यायचे त्यांच्या घरातलं कोण राहिलं ते आधी विचारायचं, मग रकाना भरायचा. दिवाळीही तिथेच. घरून डबा आला होता, त्यात करंज्या होत्या.

"मग ताण?"

"रकाना नव्हता."

यावर काय बोलायचं? मोबाईलमधून ताई म्हणाल्या, "आता मनातलं सगळं ओझं श्वासाबरोबर बाहेर सोडा." त्यांनी तिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "फराळातलं काही आहे का?" मी चकल्या काढून दिल्या. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आत्ताही पटत नाही. रकाना नव्हता म्हणून ताण नव्हता असं थोडंच असतं. पण आता रकाना आहे आणि त्यात खरं लिहिलं तर खुलासा, हेही काही फार पुढे गेल्यासारखं वाटत नाही.

शेवटची पायरी फोटो. 'कुटुंबासमवेत, सणाच्या वातावरणात, हसतमुख. जिओ टॅग आवश्यक.' वेळ संपत आलेली, एक वाजला की लिंक बंद. माझं कुटुंब बार्शीत नणंदेची वाट बघत, उरलेलं लातुरात माझी वाट बघत, आणि मी दोन्हीच्या मध्ये. म्हटलं, एकटीचाच काढू. हात लांब केला, तर गाडी अशी काही उसळली की काका निम्मे फोटोत आले. पुन्हा काढला, तर पूर्ण आले. एकदा फोटोत आल्यावर त्यांनी टोपी सरळ केली, छाती काढली आणि समोर बघितलं.

"काका, जरा हसा ना."

"शासकीय फोटोत हसत नाहीत."

तोच अपलोड झाला. मी दात दाखवतेय, शेजारी महसूल खातं, वर आमच्या दोघांच्या डोक्यावरून कुणाचा तरी हात दांडीला लोंबकळतोय. खाली अक्षांश, रेखांश. बाण नेमका एका ऊसाच्या फडात.

मुरूडला ते उतरले. खाली उतरून खिडकीशी आले, मला वाटलं चकल्यांचं काही बोलतील. म्हणाले, "त्या कृतज्ञतेला दिनांक टाकायचा राहिलाय."

सुधारित फोटो मी पाठवलेला नाही. त्याऐवजी अर्ज केला : भाऊबीजेच्या दिवशी प्रशिक्षणास उपस्थित राहावे लागल्याने दीर्घ सुट्टी पूर्णपणे उपभोगता आली नाही, तरी तेवढी अर्जित रजा खात्यावर जमा व्हावी. त्यांच्याच भाषेत लिहिला, निम्नस्वाक्षरीकार वगैरे सगळं. आवक शाखेतल्या बाईंनी तो उलटा केला, सुलटा केला, आणि परत दिला. लेखी आदेशाची प्रत जोडलेली नाही, आणि अर्ज विहित नमुन्यात नाही. आदेशाची प्रत म्हणून मी मेसेजची छापील प्रत घेऊन गेलेय एकदा, पणतीसकट. त्या म्हणाल्या, रंगीत चालत नाही.

विहित नमुना कुणाकडे असेल तर कृपया पाठवा. फक्त ग्रुपवर टाकू नका. तिथे सध्या तुळशीच्या लग्नाच्या शुभेच्छा चालू आहेत.