पेन टॅबलेटला दोन स्टार देणाऱ्या गणिताच्या सरांना दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, फोटोही टाकलात, त्याबद्दल आभार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: बारावीचे पेपर काढायला आमच्याकडून पेन टॅबलेट, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून पेनने लिहायची पाटी, नेला, पण वर्डमध्ये हाताने लिहिलेलं समीकरण भलतंच उमटतं, घातांक खाली येऊन बसतो, एक्सचा गुणाकार होतो, आम्ही हलका माल गळ्यात मारला आणि परतही घेतला नाही. पेपर छपाईला द्यायची घाई असताना असं झालं की किती वैताग येतो, हे आमच्याकडे येणाऱ्या शिक्षकांकडून मी नेहमी ऐकते. तरी टॅबलेट सदोष आहे हे मला मान्य नाही. का, ते इथेच सांगते, म्हणजे ही वस्तू घ्यायच्या विचारात असलेल्या इतरांनाही उपयोग होईल.

टॅबलेट अक्षर ओळखत नाही. पेनचं टोक कुठे आहे आणि ते किती दाबलंय, एवढंच तो कॉम्प्युटरला कळवतो. समीकरण ओळखायचं काम वर्डमधल्या ‘इंक इक्वेशन’ या खिडकीचं. त्याच खिडकीत माऊसने लिहून बघा: अक्षर वेडंवाकडं येईल, पण ओळखणारं सॉफ्टवेअर तेच असेल. म्हणूनच तुम्ही पडद्यावर लिहायचा महाग टॅबलेट मागितलात तेव्हा मी नको म्हटलं होतं. त्यावर हात लवकर बसतो हे खरं, पण ओळखणारं सॉफ्टवेअर काही बदलत नाही.

आता तुमचा फोटो. त्यात शून्य आणि थीटा दोन्ही आडवे फाकलेले दिसतात, शेजारी लॅपटॉपला जोडलेला दुसरा मॉनिटरही दिसतो. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. दुसरा मॉनिटर जोडला की अनेकदा टॅबलेटची तेवढीशी जागा दोन्ही पडद्यांवर मिळून पसरते, आणि हाताने गोल काढला तरी पडद्यावर अंडाकृती उमटतो. गणितात याने फार बिघडतं. साध्या मजकुरात अक्षरं एकापुढे एक येतात. समीकरणात मात्र चिन्ह कुठे आहे आणि केवढं आहे यावर अर्थ ठरतो. एकच आडवी रेघ एकटी असली तर वजा, तिच्या वर-खाली काही असलं तर अपूर्णांक. घातांक थोडा मोठा झाला किंवा थोडा खाली सरकला की तो शेजारचा अंक ठरतो. टॅबलेटच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे तो कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये पेन एकाच पडद्याला जोडा आणि लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवायची खूण करा. बहुतेक त्रास तिथेच संपेल असं मला वाटतं.

लिहितानाही काही गोष्टी पाळाव्या लागतात. एक्स दोन वळणांचा काढा, फुलीसारखा नको. झेडला मधे आडवी रेघ द्या, म्हणजे तो दोनमध्ये मिसळत नाही. अंक देवनागरी नकोत; ही खिडकी ते ओळखत नाही आणि आपला एक तर नऊसारखाच दिसतो. एखादं चिन्ह चुकलं तर सगळं पुसू नका: ‘सिलेक्ट अँड करेक्ट’ घेऊन त्याला पेनने वेढा घाला, पर्यायांची यादी येते, त्यातून निवडा.

जुन्या कॉम्प्युटरवर हे चांगलं चालायचं, असंही तुम्ही लिहिलंय. विंडोज ७ मध्ये हाताने लिहिलेलं समीकरण ओळखणारं ‘मॅथ इनपुट पॅनल’ आधीच असायचं. विंडोज ११ मधून ते काढलंय. आता त्या कामासाठी ‘मॅथ रेकग्नायझर’ विंडोजच्या ऐच्छिक सुविधांमधून वेगळं घालावं लागतं. याचा टॅबलेटशी संबंध नाही.

आणि सर, सगळंच पेनने लिहायचा अट्टहास करू नका, हे मी प्रत्येक शिक्षकाला सांगते. साधं वर्गसमीकरण कीबोर्डवर पटकन होतं: वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबलं की समीकरणाची चौकट येते, अपूर्णांकाला तिरपी रेघ आणि घातांकाला टोपीचं चिन्ह पुरतं. पेन ठेवा अपूर्णांकात अपूर्णांक, मर्यादांसह इंटिग्रल, वर्गमूळाखालची लांब पदावली यांच्यासाठी. ऑनलाइन शिकवताना तर टाइपमध्ये बदलायची गरजच नाही. मुलांना तुमच्या अक्षरातली पायरी-पायरी जास्त कळते.

परत घ्यायचं आम्ही नाकारलं, कारण काउंटरवर तुमच्यासमोर तपासला तेव्हा रेघ कुठे तुटत नव्हती. त्यावर मी ठाम आहे. पण तो कपाटात पडून राहावा असं मला अजिबात वाटत नाही. दुपारी दुकानात गर्दी कमी असते, तेव्हा या. लॅपटॉप, टॅबलेट, शक्य असेल तर तो दुसरा मॉनिटर आणि एखादा जुना पेपर सोबत आणा. मी स्वतः बसून सेटिंग करून देते, पैसे नाहीत. त्यानंतर रेघ तुटताना किंवा पेन भलतीकडे उडताना दिसला, तर वॉरंटीचा दावा तिथल्या तिथे आम्हीच भरून देऊ.