शालजोडीतले म्हणजे कौतुक नव्हे

"शालजोडीतले हा अस्सल पुणेरी शब्द. शालजोडी देऊन सत्कार करतात, तसं गोड शब्दांत केलेलं कौतुक म्हणजे शालजोडीतले. थेट अपशब्द नाही, म्हणून दोषही नाही. ज्याला हे टोचतं त्याला विनोदबुद्धी नाही."

हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. फिरू दे, म्हटलं असतं. पण माझ्या भाचीला तो सासरच्या ग्रुपवर तिचं नाव घेऊन पाठवला गेला, वर "वाचून घे" असं लिहून. आता गप्प बसणार नाही.

आधी अर्थ. 'शालजोडीतले' म्हणजे शालजोडीतले काय? बोलण्यात गळून गेलेला शब्द आहे 'जोडे'. पायातले. जोडी आणि जोडा यांवरची कोटी आहे ती. बघणाऱ्यांना शाल दिसते, ज्याला लागतो त्यालाच जोडा कळतो. "आमच्या सूनबाई हुशार हो, मोठी नोकरी करतात. घरातलं काय, करायला आम्ही आहोतच!" यात कौतुक कुठे आहे ते दाखवा. शिवाय कौतुक आपण करतो. शालजोडीतले मारतो, हाणतो. एवढं तरी मजकूर लिहिणाऱ्याच्या कानाला कळायला हवं होतं.

शालजोडी मानाची, हे मात्र खरं. पेशवाईत बहुमान म्हणून ती देत. मित्रामित्रांत असले जोडे हसत झेलले जातात, हेही मान्य. पण तिथे दोघांच्याही हातात जोडा असतो. नव्या सुनेच्या हातात नसतो.

'अस्सल पुणेरी'? काशीच्या नागरीप्रचारिणी सभेचा 'हिंदी शब्दसागर' उघडा. 'दुशाला' या शब्दाखाली 'दुशाले में लपेटकर मारना' सापडेल. दुशाला म्हणजे शालजोडीच.

राहिला दोष. भारतीय दंड संहितेचं कलम ४९९, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६, अब्रुनुकसानीचं. उपरोधानं केलेला आरोपही अब्रुनुकसानी ठरू शकतो, असं त्याच्या स्पष्टीकरणात म्हटलंय. घरातला प्रत्येक टोमणा कोर्टात जात नाही, कबूल. पण त्या कलमातलं पहिलंच उदाहरण बघा: अमुक माणूस प्रामाणिक आहे, त्यानं तमक्याचं घड्याळ कधीच चोरलं नाही. चोरी त्यानंच केली असं लोकांना वाटावं म्हणून कोणी हे बोललं, तर कलमातले अपवाद वगळता ती अब्रुनुकसानी. त्या अख्ख्या वाक्यात एकही अपशब्द नाही.