सावकाश या, फ्लॅपराव

दुपारच्या झोपेतून उठवलेला सोलापुरी माणूस आणि माझ्या रिमोटवरच्या छोट्या विमानाचे फ्लॅप (पंखाच्या मागच्या, खाली झुकणाऱ्या पट्ट्या) यांच्यात फरक नाही. दोघेही अंगावर येतात. त्या हलवणारी 9 ग्रॅमची चिमुकली मोटर, म्हणजे सर्व्हो, 60 अंश फिरायला जेमतेम सेकंदाचा दहावा हिस्सा घेतो. उतरताना बटण दाबलं की फ्लॅप धाडकन खाली, विमान नाक वर करून हवेत उभं, मग धप्प! मला ते गड्ड्याच्या यात्रेतल्या पाळण्यासारखं डौलात उतरायला हवं होतं.

महागड्या रिमोटमध्ये सर्व्हो हळू करायची सोय असते. माझा घेताना मी “एवढं कशाला लागतंय?” म्हणालो होतो. बायकोने ते वाक्य जपून ठेवलंय.

काका चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. म्हणाले, “व्होल्टेज कमी कर की, पंख्यासारखं.” केलं. सर्व्हो हळू झाला, पण जोरही गेला. वाऱ्यापुढे फ्लॅप मान तुकवायला लागले.

शेवटी आर्डुइनो नॅनो आणला, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा एक छोटा बोर्ड. सर्व्होला दर 20 मिलिसेकंदांनी एक पल्स, म्हणजे विजेचा ठोका, जातो. 1000 मायक्रोसेकंदांचा पल्स म्हणजे एक टोक, 2000 चा म्हणजे दुसरं. मधे नॅनो बसवून दर खेपेला 10 च मायक्रोसेकंद पुढे सरकवायचे. शंभर पायऱ्या, दोन सेकंद. रात्री एक वाजता फ्लॅप असा खाली आला की मी बायकोला उठवून दाखवला. (ते चुकलंच.)

होटगी रोडला खरं विमानतळ, म्हणून आम्ही उलट दिशेला, बाळ्याच्या पुढे जातो. पहाटे, अंधारात वायरी जोडल्या. सगळ्या तपकिरी-लाल-नारिंगी. उडवण्याआधी एकेक पट्टी हलवून बघायची असते. मी फोटो काढत होतो.

नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी म्हणजे एलेव्हेटर. नॅनो त्या एलेव्हेटरला लागला होता.

रिमोटची स्टिक ओढली, काही नाही. म्हणून आणखी ओढली, तोवर आधीचं पोचलं आणि विमान आभाळाकडे. घाबरून ढकलली, तेही उशिरा. विमान हवेत धावदोरा घालायला लागलं आणि तिसऱ्या टाक्याला ज्वारीत शिरलं.

शेतातून एक आजोबा ते उचलून घेऊन आले. “हुरड्याला आलं व्हय हे?”

मी अजून स्टिक ओढूनच उभा होतो. सोडली. त्यांच्या हातात शेपटीची पट्टी हळूऽहळू, जराही धक्का न देता सरळ झाली.

“लई सबुरीचं हाय की,” ते म्हणाले.