"वर्षभराचं धान्य भरा आणि कुणाला सांगू नका" या मेसेजला माझं मुद्द्याला मुद्दा उत्तर

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतोय, मला पाच-सहा जणांकडून आला, त्यातली एक माझी सख्खी मावशी आणि तिने तर त्याप्रमाणे सामान आणायला सुरुवात पण केली, म्हणून हे लिहायला बसले. मेसेज थोडक्यात असा: संकटात कुणी येत नाही, "तीन दिवसांची तयारी करा" हे सांगणं म्हणजे फसवणूक, कुटुंब पूर्ण स्वावलंबीच हवं. त्यासाठी वर्षभराचं धान्य भरा, पाणी कुठलंही चालेल फक्त उकळा, जनरेटर घ्या आणि खिडकी उघडी ठेवून चालवा, छतावर सोलर बसवा म्हणजे वीज गेल्याचं कळणार पण नाही, गच्चीत भाज्या लावा त्यावर घराचं पोट भरतं, अँटिबायोटिकच्या गोळ्या साठवा, आणि शेवटी ठळक अक्षरात, हे कुणाला सांगू नका कारण शेजारीच पहिले लुटायला येतात.

तयारी करावी हे मला मनापासून पटतं, मी स्वतः करते, आणि मेसेज लिहिणाऱ्याची काळजी खरी असेल हेही मान्य. पण यातल्या दोन-तीन गोष्टी केल्या तर माणूस जीवानिशी जाईल आणि बाकीच्यांत पैसे आणि जागा वाया जाईल, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा, वर्षभराचं धान्य. आधी हिशोब करू. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २००० कॅलरी धरल्या तर चौघांना ८००० लागतात, कोरड्या धान्यात किलोमागे साडेतीन हजारच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे रोजचं सव्वादोन किलो आणि वर्षाचं आठशे किलोच्या वर. हे ठेवायचं कुठे, ओल आणि किडीपासून सांभाळायचं कसं, जुनं आधी वापरून नवं मागे सरकवायचं कुणी, यावर मेसेजमध्ये एक ओळ नाही. पण समजा ठेवलं, तरी धान्य कच्चं कुणी खात नाही, ते शिजवायला पाणी लागतं आणि इंधन लागतं. नुसतं प्यायला आणि अगदी जुजबी वापराला माणशी दिवसाला ४ लिटर पाणी धरतात, चौघांचं वर्षाचं होतं ५८४० लिटर, म्हणजे जवळजवळ सहा टन वजन. वर्षभराचं धान्य आणि दोन दिवसांचं पाणी अशी तयारी असेल तर तुमची तयारी दोन दिवसांची आहे.

आणि ते तीन दिवस म्हणजे फसवणूक हे तर अजिबातच खरं नाही. ७२ तास हा सुरुवातीचा आकडा आहे, बाहेरून मदत पोचायला, रस्ते मोकळे व्हायला, तुटलेल्या तारा जोडायला जो वेळ लागतो त्यात तग धरता यावा म्हणून, आणि ते जमलं की दोन आठवड्यांपर्यंत वाढवा असंच यातली माणसं सांगतात. शिवाय आग लागली, पुराचं पाणी शिरलं, गॅस गळायला लागला तर घर सोडून पळायचं असतं, तेव्हा आठशे किलो धान्य तिथेच राहतं. त्या वेळी कामाला येते दाराजवळ टांगलेली एक बॅग. कागदपत्रांच्या कॉपी, आठवड्याची औषधं, जास्तीचा चष्मा, थोडी रोख रक्कम, चार्जिंगची केबल, शिट्टी, आणि हाताने लिहिलेले फोन नंबर. मेसेजमध्ये या बॅगेचा उल्लेखच नाही, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे की सगळं साठवायला सांगितलंय, वापरून बघायला एकदाही सांगितलं नाही.

आम्ही वापरून बघितलं. एका शनिवारी संध्याकाळी सहाला मेन स्विच पाडला आणि ठरवलं की रविवारी सहापर्यंत वर करायचा नाही. पहिल्या दहा मिनिटांत टॉर्च उघडला तर आतले सेल गळून स्प्रिंगवर पांढरं-हिरवट पीठ जमलेलं, म्हणजे दोन वर्षं "आपल्याकडे टॉर्च आहे" या भरवशावर होतो आणि टॉर्च नव्हताच. मुलीला विचारलं, मोबाईल बंद पडला तर बाबांना फोन कसा करशील, तिला फक्त स्वतःचा नंबर पाठ होता, आणि खरं सांगायचं तर मलाही नवऱ्याचा शेवटपर्यंत धड आठवेना. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या मोजल्या तर चारच उरलेल्या. आमचा पंप विजेवर, त्यामुळे वरच्या टाकीत असेल तेवढंच पाणी, आणि आम्ही पिण्याच्या पाण्याचा विचार केला होता पण एका फ्लशला सहा ते दहा लिटर जातं याचा केलाच नव्हता, सकाळी नऊला टाकी कोरडी. फ्रीज मात्र त्या दिवशी मुलांनी सांभाळला, दाराला दोरी बांधून ठेवली, कारण दार न उघडता फ्रीज साधारण ४ तास गार राहतो आणि गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला असेल तर २४. आमच्या फ्रीझरमध्ये रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या आता कायम असतात, पण गोठल्यावर पाणी फुगतं म्हणून वरपर्यंत भरत नाही.

या एका दिवसात जे कळलं ते कुठल्याच यादीत नव्हतं, आणि दुरुस्तीला जवळजवळ काही खर्चही आला नाही. सेल आता टॉर्चच्या बाहेर काढून बाजूला ठेवतो, सासूबाईंच्या गोळ्या पंधरा दिवस उरल्या की नवीन आणतो, बाथरूममध्ये एक पिंप भरलेलं असतं.

दुसरा मुद्दा, "कुठलंही पाणी उकळलं की पिण्यालायक". अर्धं खरं, म्हणून जास्त धोक्याचं. खळखळ उकळी आल्यावर १ मिनिट ठेवलं (समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं) की रोगजंतू मरतात, इथपर्यंत बरोबर. पण पुराच्या पाण्यात पेट्रोल-डिझेल, कीटकनाशकं, कारखान्यातली रसायनं मिसळलेली असू शकतात आणि ती उकळून जात नाहीत, खारं पाणी उकळून गोडं होत नाही, उलट पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार, शिसं वगैरे उरलेल्या पाण्यात आणखी दाट होतं. असं पाणी तोंडाला लावायचंच नाही. नुसतंच गढूळ असेल तर आधी निवळू द्यायचं, स्वच्छ कापडातून गाळायचं, मग उकळायचं. इंधन नसेल तर साधा, बिनवासाचा, ५ ते ६ टक्क्यांचा ब्लीच लिटरला २ थेंब, ढवळून अर्धा तास झाकून ठेवायचं. पण ब्लीचसुद्धा जुना झाला की उतरतो, बाटलीवर तारीख घालून ठेवा, आणि सुगंधी किंवा साबण मिसळलेला बिलकुल नको.

तिसरा मुद्दा, आणि हा वाचून मला खरंच घाम फुटला: "जनरेटर बाल्कनीत किंवा खिडकी उघडून घरात चालवा". नाही, नाही आणि नाही. पेट्रोल-डिझेल जळताना कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, माणसाला वाटतं ताप येतोय, जरा पडून राहू, आणि पडलेला माणूस उठत नाही. रात्री सगळे झोपेत असतील तर डोकं दुखल्याचंही कळत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये बर्फाच्या वादळात लाखो घरांची वीज गेली, तेव्हा लोकांनी ऊब मिळावी म्हणून गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, कोळशाच्या शेगड्या घरात आणल्या, जनरेटर दाराशी लावले, आणि थंडीतून वाचलेली माणसं या वायूने गेली. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर लांब, मोकळ्यावर, धुराचं तोंड सगळ्या खिडक्या-दारांच्या उलट दिशेला. एवढी जागा नसेल तर जनरेटर घ्यायचाच नाही, पॉवर बँक आणि बॅटरीवर भागवायचं. कोळशाची शेगडी पण याच नियमात येते. कार्बन मोनॉक्साईडचा बॅटरीवर चालणारा अलार्म मिळतो, मावशीला मी सांगितलं की धान्याच्या आधी तो घे.

याच मुद्द्यात मेसेजमध्ये पुढे लिहिलंय की जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली की अख्खं घर चालतं. चालतं, आणि तीच वीज उलटी बाहेरच्या लाईनमध्ये पण जाते, ट्रान्सफॉर्मरमधून जाताना हजारो व्होल्टची होते, आणि तिकडे खांबावर लाईन बंद आहे म्हणून तुमच्याचसाठी काम करणारा वायरमन चिकटतो. मध्ये चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी बाहेरची लाईन किंवा जनरेटर यातल्या एकालाच जोडणारा) लागतो आणि तो जाणकार इलेक्ट्रिशियननेच बसवायचा.

सोलरचं पटकन सांगते कारण यात बरेच लोक फसतात. छतावरचं साधं, ग्रिडला जोडलेलं सोलर बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. बिघाड नाही तो, त्याच वायरमनसाठी मुद्दाम तसं केलेलं असतं. वीज गेल्यावर चालायला हवं असेल तर बॅटरी आणि त्याला चालणारा वेगळा इन्व्हर्टर लागतो, बसवायच्या आधी विचारा. आणि बॅटरीचाही हिशोब घाला: १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-अवर, लेड-अ‍ॅसिड असेल तर अर्धीच वापरायची नाहीतर लवकर मरते, म्हणजे हाताशी ९०० वॅट-अवर. दिवे, फोन, एखादा पंखा यावर रात्र निघते. फ्रीज धरला तर काही तासांत अंधार.

गच्चीतली भाजी. मी स्वतः लावते, मला ते फार प्रिय आहे, म्हणूनच सांगते की पोट भरतं हे खोटं आहे. शंभर ग्रॅम टोमॅटोत साधारण १८ कॅलरी, चौघांच्या ८००० कॅलरी टोमॅटोतून काढायच्या तर रोज ४४ किलो टोमॅटो. भाजी जीवनसत्त्वं देते, चव देते, हातांना काम देते, आणि रोप कशाने मरतं हे दोन-तीन मोसम चुकल्यावर कळायला लागतं, म्हणून जरूर लावा पण धान्याच्या बदल्यात मोजू नका. त्यात मेसेज म्हणतो की जास्तीच्या शेंगा-भाज्या बरणीत घालून उकळत्या पाण्यात ठेवा आणि झाकण घट्ट लावा, वर्षभर टिकतात. आंबट नसलेल्या भाज्यांच्या बाबतीत हे जीवघेणं आहे. बोट्युलिझम म्हणजे अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा, ती करणाऱ्या जंतूंची बीजं १०० अंशाला मरत नाहीत आणि हवा नसलेल्या बंद बरणीतच ती वाढतात, वास किंवा चव बदलेलच असं नाही. त्यासाठी खास प्रेशर कॅनिंगची, म्हणजे बरणी दाबाखाली १०० अंशांच्या वर तापवणारी भांडी आणि ठरलेली वेळ लागते. ते नसेल तर वाळवा, मिठात घाला, आम्लात घाला.

अँटिबायोटिक साठवणं, यावर वाद घालण्यासारखं काही नाही. व्हायरसच्या तापावर ती चालत नाहीत, कुठलं कशाला हे डॉक्टर ठरवतात, आणि उगाच घेतली तर पुढे खरी गरज असताना लागू पडत नाहीत. त्यापेक्षा घरात जो रोजच्या औषधावर आहे त्याचा साठा बघा. इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर ते वीज गेल्यावर लगेच वाया जात नाही हे माहीत असू दे, उघडलेलं बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत साधारण ४ आठवडे चालतं, प्रकाराप्रमाणे फरक पडतो म्हणून पाकिटावरचा कागद आजच वाचून ठेवा. उन्हात नको आणि बर्फाला चिकटवूनही नको, गोठलेलं टाकून द्यावं लागतं.

आता तो ठळक अक्षरातला मुद्दा, कुणाला सांगू नका. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे जपानमध्ये कोबेला भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं, कारण कुठल्या खोलीत कोण झोपतं हे त्यांनाच माहीत होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेत ७०० हून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी एकटी राहणारी म्हातारी माणसं, दारं-खिडक्या लावून आत बसलेली. एन्रिको क्वारांटेली नावाच्या समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं आपत्तीतल्या माणसांचा अभ्यास केला आणि त्यांना दिसलं ते हेच, की नैसर्गिक आपत्तीनंतर लुटालूट आणि घबराट आपल्याला वाटते त्यापेक्षा फार कमी असते, लोक बहुतेक वेळा एकमेकांना धरून राहतात. लुटारू येतील या भीतीने शेजाऱ्याला काही सांगायचं नाही, मग पायऱ्यांवरून पडून पाय मोडला तर उचलणार कोण?

आमच्या त्या शनिवारी रात्री आठच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या, तुमच्याकडेच अंधार का, मदत हवी का विचारायला. त्यांना सांगितलं काय करतोय ते. मग बोलता बोलता कळलं की काकांना रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं, आणि त्याची बॅटरी साडेतीन तास चालते. सहा वर्षं आम्ही एकाच जिन्याने ये-जा करतोय आणि हे मला माहीत नव्हतं. आमच्या इन्व्हर्टरची एक लाईन आता त्यांच्या मशीनसाठी राखून ठेवली आहे, मशीनचे वॅट मोजून बघितले, रात्रभर निघत नाही पण चार तास निघतात, म्हणून पलीकडच्या दवाखान्यात सिलिंडर मिळतो का ते काकूंनी विचारून ठेवलंय, आणि दोन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकांकडे आहेत. पुढच्या महिन्यात मेन स्विच परत पाडणार आहोत, या वेळी दोन्ही घरांचा, काका तेवढा दिवस मुलाकडे असतील तेव्हा.