‘तळघरात दडलेला’ नायक : एका प्रतिक्रियेला उत्तर

काळे अमेरिकन लेखक राल्फ एलिसन यांच्या ‘इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, “नायक शेवटी तळघरात दडून बसतो, म्हणजे एलिसनने लढ्याकडे पाठ फिरवली. हे न कळताच तुम्ही भारावून गेलात.”

आधी माझी चूक. कादंबरीला अमेरिकेतलं नॅशनल बुक अवॉर्ड 1953 मध्ये मिळालं, मी 1952 लिहिलं. ते प्रकाशनाचं वर्ष. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘न कळताच’? मतभेद जरूर असावेत. समोरच्याची अक्कल काढूनच सुरुवात कशाला करायची?

आणि ‘दडून बसतो’ म्हणजे काय हो? न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत दंगल पेटलीय, बॅगेत काय आहे म्हणत गोरे मागे लागलेत, आणि पळता पळता तो उघड्या मॅनहोलमधून कोळशाच्या ढिगावर कोसळतो. वरून ते झाकण लावतात. याला दडणं म्हणतात? आत मिट्ट काळोख. वाट दिसावी म्हणून तो बॅगेतले कागद जाळायला घेतो, आणि पहिला जळतो तो शाळेचा दाखला. ती बॅग कुठली, आठवतंय? गावातल्या प्रतिष्ठित गोऱ्यांनी काळ्या पोरांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना एकमेकांत झुंजवलं, करंट सोडलेल्या गालिच्यावरची नाणी वेचायला लावली. त्याच रात्री शिष्यवृत्तीसोबत बक्षीस दिलेली ती बॅग.

आठवीत आमच्या वर्गात शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचायचे. नाव, मग जात. आम्ही चौघं उभे राहायचो. मागून ‘सरकारचे जावई’ ऐकू यायचं, आणि सर यादीतून मान वर करायचे नाहीत. सही करताना घामाने शाई फुटायची. ते गालिच्याचं प्रकरण वाचून मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही. मी भारावलो तो असा. हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

शिवाय हा माणूस तळघरात वीज कंपनीची वीज चोरून 1369 दिवे लावतो. त्या कंपनीशी आपली लढाई चालू आहे, असं पहिल्याच प्रकरणाआधी स्वतः सांगतो. तुमच्या ‘पाठ फिरवली’त हे कुठे बसतं?

‘आपलं दलित साहित्य सोडून परकं कशाला’ या तुमच्या प्रश्नावर वाद घालत नाही, एवढंच सांगतो: 1972 साली मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली, ते नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यातूनच आलं होतं.

उपसंहार पुन्हा वाचा. तिथे तो बाहेर यायचं ठरवतो. त्यावर बोलायचं असेल तर मी आहेच. पण पुन्हा ‘न कळताच’ आलं, तर उत्तर देणार नाही.