जुन्या सायकलीला विचारून नवी घेतली

चौदा वर्षं चालवलेली माझी एमटीबी, म्हणजे माऊंटन बाइक, गेल्या महिन्यात थांबली. गोराईहून घरी आले, बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरली आणि नेहमीसारखी तिला पुसायला बसले. सीटच्या खाली, जिथे आडवी दांडी उभ्या नळीला मिळते, तिथल्या वेल्डच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली. आधी वाटलं, रंगावरचा ओरखडा असेल. नख फिरवून पाहिलं तर नख अडकलं.

संध्याकाळी नाक्यावर सायकली दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे नेली. ही सायकल इतकी वर्षं त्यांच्याच हाताखालून गेली आहे. त्यांनी टॉर्च मारला, सीटवर एका हाताने दाब दिला आणि मला जवळ बोलावलं. दाब दिला की रेघ उघडत होती, सोडला की मिटत होती. चाचा म्हणाले, "ताई, आता हिला हातात धरूनच घरी न्या. चालवत नेऊ नका."

वेल्डिंग करून घेता येईल का, असं मी विचारलं. फ्रेम ॲल्युमिनियमची. लोखंडी फ्रेम जोडता येते, ते काम आपल्याकडे गल्लोगल्ली होतं. पण ॲल्युमिनियमची फ्रेम कारखान्यात वेल्ड झाल्यावर भट्टीत घालून पुन्हा कडक करतात. नुसतं वेल्ड मारलं तर त्या टाक्याच्या आजूबाजूचा धातू मऊ राहतो आणि पुढची चीर तिथेच जाते. ॲल्युमिनियमला थकवा येतो आणि तो साठत जातो. चौदा वर्षांचे खड्डे त्या एका रेघेत जमा झाले होते. मला खूप वाईट वाटलं. माझ्या लेकीचं कॉलेज सुरू होण्याआधीपासूनची ही सायकल आहे, आई गेली त्या वर्षी रोज पहाटे मला घराबाहेर काढलं ते हिनेच.

नवी घ्यायची ठरल्यावर दोन शनिवार दुकानांमध्ये घालवले आणि दोन्ही वेळा चिडून परत आले. एका मोठ्या दुकानात मी "एमटीबी बघायची आहे" म्हटल्यावर मला पुढे बास्केट असलेली लेडीज सायकल दाखवली. नाही म्हटल्यावर पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली, एकवीस गिअरची, वीस हजारांच्या आतली एक सायकल दाखवली. मी ती एका हाताने उचलायला गेले तर उचलेना. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, मी तिसऱ्या मजल्यावर. माझ्या उंचीला कोणती साइज लागेल, विचारलं. उत्तर आलं, "सीट खाली घेऊन देतो ना मॅडम."

हेच वाक्य मी 2011 साली ऐकलं होतं आणि विश्वास ठेवला होता.

तिसऱ्या शनिवारी मी दुकानात गेलेच नाही. जुनी सायकल पुन्हा वर्तमानपत्रावर आडवी घातली, वही घेतली आणि ती कुठे कुठे झिजली आहे ते लिहीत बसले. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे: नवी सायकल निवडायची तर आधी जुनी नीट वाचा. कुठल्याही व्हिडिओपेक्षा आणि विक्रेत्यापेक्षा तिला तुमचं चालवणं जास्त माहीत असतं.

पहिली सीट. ती रेलवर जितकी पुढे सरकेल तितकी पुढे सरकवलेली होती. हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल धरणारा आखूड तुकडा, उलटा बसवून हँडल जवळ आणलेलं. म्हणजे फ्रेम मला मोठी होती. माझी उंची पाच फूट दोन इंच आणि मला अठरा इंची फ्रेम दिली होती, कारण त्या दिवशी दुकानात तीच होती. सीट खाली घेतल्याने फक्त पाय पोचतात. हँडल जवळ येत नाही आणि दांडीही खाली येत नाही. चौदा वर्षं माझे मनगट आणि करंगळ्या बधिर व्हायच्या, आणि मी समजत होते की माझ्याच हातात जोर नाही. भिंतीला पाठ लावून, दोन पायांच्या मध्ये पुस्तक धरून मी माप घेतलं: जमिनीपासून 72 सेंटिमीटर. सायकलची दांडी मोजली: 76. सिग्नलला उतरले की चार सेंटिमीटर जास्तीची दांडी मला लागायची, म्हणून मी कायम सायकल एका बाजूला कलती करून उभी राहायचे. ती सवय इतकी मुरली होती की त्यामागचं कारणच विसरले होते.

बायांनो, हे माप घरी घ्या आणि आकडा घेऊनच दुकानात जा. दांडी तुमच्या मापापेक्षा किमान दोन इंच खाली पाहिजे. आणि नुसता "पंधरा इंची", "सोळा इंची" हा आकडा पुरत नाही, तो सीटच्या नळीचा असतो. हँडलपर्यंत हात किती ताणावा लागतो ते बसूनच कळतं. दहा मिनिटं चालवू देत नसतील तर दुसरं दुकान बघा.

मग रिम. जुनीला रबरी ब्रेक शू होते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात रस्त्याची बारीक वाळू शू आणि रिमच्या मध्ये जाते आणि काळी पेस्ट तयार होते. प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना ती पेस्ट रिमला खरवडते. मागची रिम 2018 मध्ये एकदा बदलली होती. आता दुसरीच्या कडेवर बोट फिरवलं तर वाटीसारखा खोलगटपणा लागला. एवढी पातळ झालेली रिम हवेच्या दाबाने उतारावर फाटू शकते. तेव्हा डिस्क ब्रेक नक्की झाले. केबलचे की हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, यावर चाचांशी बोलले. केबलच्या आवरणात पावसाचं पाणी शिरतं, ती गंजते, मग ब्रेक जड होतो. हायड्रॉलिकची नळी बंद असते. काही ब्रेकना डॉट तेल लागतं आणि ते हवेतली ओल शोषून घेतं. मिनरल तेलाला तो त्रास नाही. मी मिनरल तेलवाले निवडले. चाचांनी असे ब्रेक आजवर उघडले नव्हते. म्हणाले, "तुम्ही घ्या, मी शिकतो." साठी उलटलेल्या माणसाने असं म्हणावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पुढची तीन दातेरी चक्रं बघताना तर मी थक्क झाले. बेचाळीस दातांचं मोठं चक्र नव्यासारखं. चौतीसचे दात मुशीच्या दातांसारखे टोकदार आणि एका बाजूला वाकलेले, चोवीसचे तर त्याहून वाईट. चौदा वर्षांत मी मोठ्या चक्रावर जवळजवळ गेलेच नव्हते. माझा वेग तेवढा नाही आणि मुंबईत तेवढा मोकळा रस्ताही नाही. मला हवा होता हलका गिअर. जुनीचा सगळ्यात हलका गिअर पुढे 24, मागे 28, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे 0.86 फेरे. नवीत पुढे एकच 32 चं चक्र आणि मागे 46 पर्यंतची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच), म्हणजे 0.70. चाक थोडं मोठं आहे हे धरलं तरी चढ सोपा होतो. पुढचा गिअरच नसल्याने त्याची केबल, त्याचा खटका, चिखलात चेन उतरणं, सगळं गेलं. "एकवीस गिअर" ऐकून भुलू नका. त्यातले बरेच गिअर एकमेकांची पुनरावृत्ती असतात. हलक्यात हलका आणि जडात जड गिअर कोणता, एवढं विचारा.

मागचा ॲक्सल, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेला दांडा, चाचांनी काढून काचेवर लोळवला. तो डुगडुगत लोळला, कारण वाकलेला होता. जुन्या सात गिअरच्या सायकलींना बहुधा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा जुन्या पद्धतीचा संच असतो. त्यात उजव्या बाजूचे बेअरिंगचे छर्रे आत राहतात आणि ॲक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर येतो. कॅसेटच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, छर्रे कडेपर्यंत जातात. खड्ड्यांच्या शहरात हा फरक फार मोठा आहे. दुकानात "कॅसेट आहे की फ्रीव्हील?" एवढं विचारा, समोरच्याला सायकल कळते की नाही तेही समजेल.

आणि शॉकअप. यावरून माझं घरातही भांडण झालं. माझ्या सायकलीचा शॉकअप 2016 पासून हलत नव्हता. समुद्राकाठच्या उत्तनच्या खाऱ्या हवेने नळ्या गंजून आत जाम झालेल्या. जवळपास अडीच किलोचं ते लोखंड मी नऊ वर्षं रोज तीन मजले चढवत-उतरवत होते आणि त्याचा उपयोग शून्य. म्हणून मी पुढचं चाक धरणारा साधा, बिनशॉकअपचा चिमटा असलेली एमटीबी घेतली. भाऊ म्हणाला, "अगं, मग ती एमटीबी कसली?" त्याला सांगितलं, सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात मरिन काउंटीच्या डोंगरांवरून ज्या पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली खाली सोडल्या, त्यांतल्या बहुतेकींना शॉकअप नव्हता. त्यांची रीपॅक शर्यत 1976 ची. 1981 मध्ये कारखान्यातून मोठ्या संख्येने निघालेली पहिली माऊंटन बाइक, स्टम्पजंपर, तिलाही साधाच चिमटा. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला शॉकअप आला 1989 मध्ये. चांगला हवेचा शॉकअप आणि नियमित सर्व्हिसिंग परवडत असेल तर जरूर घ्या, खडकाळ उतारावर त्याला तोड नाही. पण स्वस्तातला स्प्रिंगचा शॉकअप, तोही दोन्हीकडे, म्हणजे पैसे देऊन वजन विकत घेणं. आठवी-नववीतल्या मुलांच्या गळ्यात अशा सायकली मारतात, मुलं चार महिन्यांत दमतात आणि आईबाप म्हणतात, हौस फिटली. याचा मला मनापासून राग येतो. ती हौस फिटलेली नसते, ती सायकल ओढवत नसते.

धक्के शोषायचं काम टायर करतो. 2.25 इंची टायर, तीस-पस्तीस पीएसआयच्या आसपास हवा. पेव्हर ब्लॉक, नव्या काँक्रीट रस्त्यांचे सांधे, गायमुखच्या घाटातले खड्डे, सगळं त्यावर निभतं.

चाकाच्या आकाराची फार चर्चा असते, म्हणून थोडक्यात. 26 ची रिम 559 मिलिमीटरची, 27.5 ची 584, 29 ची 622. म्हणजे 27.5 नाव मोठं असलं तरी जुन्या 26 पेक्षा ती फक्त 25 मिलिमीटरने मोठी. लहान फ्रेमवर 29 ची चाकं बसवली की वळताना पायाचा चवडा पुढच्या टायरला लागू शकतो. मी 27.5 घेतली. रंग मिळाला तो घेतला.

किमतीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे. 48 हजारांची सायकल त्याच मूळ किमतीला 45 हजारांना बसली पाहिजे. एका दुकानात मला जुनीच किंमत सांगितली आणि "डिस्काउंट" म्हणून दीड हजार कमी केले. बिलावर कराची टक्केवारी बघून घ्या. मी दुसरीकडून 45 ला घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी सायकल माझ्या झिजेवरून निवडलेली आहे. तुमची झीज वेगळी असेल. तुमचं मोठं चक्र झिजलं असेल तर तुम्हाला एमटीबी नकोच, रस्त्यावर वेगाने चालवायची हायब्रिड घ्या.

"मुंबईत माऊंटन कुठे आहे?" असं ऑफिसात विचारतात. बोरिवलीतून निघा. नॅशनल पार्कातला कान्हेरीचा रस्ता सहा-सात किलोमीटर आहे, शेवटचा चढ छातीवर येतो. (रस्ता सोडून आत शिरायचं नाही, ते बिबट्यांचं घर आहे.) गायमुखवरून ठाण्याला उतरा आणि येऊरचा डोंगर चढा. नाहीतर गोराईच्या बोटीत सायकल घाला, पलीकडे उतरून उत्तनपर्यंत जा. पहाटे वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडणीवर, बोंबील वाळत असतात, रस्त्यावर वाळू आलेली असते, खाडीचा वारा समोरून.

त्या वाऱ्याने एक गोष्ट शिकवली, ती नवीवर पहिल्याच दिवशी केली. जुनीच्या सीटची दांडी लोखंडी होती आणि फ्रेम ॲल्युमिनियमची. खाऱ्या ओलीत दोन वेगळे धातू एकमेकांना धरून बसतात. ती 2015 पासून फ्रेममधून निघतच नव्हती. नवीची दांडी ॲल्युमिनियमची आहे, तरी बाहेर काढून ग्रीस लावलं आणि बसवली. दर पावसाळ्याआधी आणि नंतर हे करणार आहे.

जुन्या फ्रेमची दांडी चाचांनी माझ्यासमोर करवतीने कापली. चांगली दिसते म्हणून भंगारातून उचलून कुणी चालवली तर, याची त्यांना धास्ती. पुढचं चाक, पायडल आणि घंटी त्यांनी ठेवून घेतली. आमच्या वॉचमनच्या मुलाच्या सायकलीला आता ती घंटी आहे.

गेल्या रविवारी येऊरला गेले. उपवनकडून वर जाताना एक वळण आहे, तिथे मी चौदा वर्षं उतरून सायकल ढकलली आहे. या वेळी मागे शेवटचं मोठं चक्र घातलं आणि सीटवर बसूनच वर पोचले. हात बधिर झाले नाहीत.

ज्यांची उंची पाच-दोनच्या आसपास आहे आणि लहान फ्रेमवर बसून बघायला मिळत नाहीये, त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. रविवारी सकाळी गोराई जेट्टीवर वेळ ठरवू. माझ्या सायकलीवर हवं तेवढं बसून बघा, चालवून बघा, टेप घेऊन या.