साप पळवायच्या त्या मेसेजबद्दल

पाऊस सुरू झाला की तो मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर येतोच. बागेत फिनाईल नाहीतर कार्बोलिक अ‍ॅसिड शिंपडा, कुत्रं-मांजर पाळा म्हणजे साप फिरकत नाही, एकाला मारलंत तर जोडीदार डूख धरतो म्हणून दोघांनाही संपवा, चावलाच तर वर करकचून दोरी बांधून चिरा द्या. पुण्यात बावधन, पाषाण, वारजे, कात्रज असं टेकडीला लागून राहणाऱ्यांनी तो पुढे ढकलायच्या आधी प्लीज हे वाचा.

पहिलं फिनाईल. दगडांच्या ढिगात, कुंड्यांमागे बसलेला साप त्या वासाने जागा सोडत नाही आणि वास तरी किती टिकणार, एक जोरदार सर आली की गेला. भोगतं कोण तर आपलं मांजर. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या लिव्हरला नीट निकामी करता येत नाहीत, आणि ते ओल्या मातीतून चालून येतं, कट्ट्यावर बसतं आणि एकेक पंजा चाटत राहतं, म्हणजे विष थेट पोटात! कार्बोलिकने तर कुत्र्याचे तळवे भाजतात.

दुसरं, कुत्रं राखण करतं हे. घोणस पालापाचोळ्यात निपचित पडून असते, रंगही तसाच, फार जवळ गेलं की कुकरची शिट्टी व्हावी तशी फुत्कारते. माणूस मागे सरतो, कुत्रं मात्र नाक पुढे घालतं, म्हणून दंश बहुतेकदा नाकावर नाहीतर तोंडावर. तोंड एकदम सुजलं तर त्याला चालवत नेऊ नका, उचलून तडक व्हेटकडे न्या, वाट बघू नका. मांजरं तर अर्धमेला साप तोंडात धरून घरात आणून टाकतात. शिवाय रात्रभर बाहेर ठेवलेल्या खाण्याच्या वाटीवर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. ती वाटी संध्याकाळीच आत घ्या, याचा फिनाईलपेक्षा नक्की जास्त उपयोग होईल.

डूख वगैरे काही नसतं. साप जोडीने संसार करत नाहीत. एकमेकांना विळखे घालून उभ्या झालेल्या दोन धामणी दिसतात ना, ते बऱ्याचदा दोन नर झुंजत असतात. आणि धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, तिला कशाला मारायचं? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सापांना संरक्षण आहे, मारणं गुन्हा आहे.

चिरा आणि दोरी हे सगळ्यात वाईट. घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, त्यात तुम्ही ब्लेड चालवणार? अंगठी, घड्याळ काढा, हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. मण्यार रात्री चावते, खूण धड दिसत नाही, दुखतही नाही, पहाटे पापण्या जड व्हायला लागतात, म्हणून सूज नाही तर काही नाही असं समजून घरी थांबू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच अँटिव्हेनम (विष उतरवणारं इंजेक्शन) चालतं आणि ते हॉस्पिटलमध्येच मिळतं.

साप दिसला तर कुत्रं-मांजर आत बांधा, लांबून नजर ठेवा, वनखात्याच्या १९२६ वर कळवा. फोटो हवा असेल तर झूम करून काढा. आणि अजगराचं पिल्लू वाटलं म्हणून हातात अजिबात घेऊ नका, घोणशीची पिल्लं तशीच दिसतात आणि जन्मल्यापासून विषारी असतात.